कोण अजून बसलंय?

बुद्धिबळाचा डाव मांडून झाला की पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी फक्त २० पर्याय असतात. आठ प्यादी एक किंवा दोन घरं पुढे, त्या १६ चाली. दोन घोड्यांच्या दोन-दोन उड्या, त्या चार. बाकीची सगळी मंडळी कोंडलेली. हत्ती आपल्याच प्याद्यामागे उभा, उंटाच्या दोन्ही तिरक्या वाटा बंद, आणि पटावरचा सगळ्यात ताकदवान वजीर एक घरसुद्धा हलू शकत नाही. सुरुवातीच्या खेळाचे म्हणून जे जे नियम सांगितले जातात ते सगळे या अडचणीतून निघालेले आहेत. फौज पुरी आहे, पण कामाला कुणीच लागलेलं नाही, आणि समोरच्याचीही तीच गत. जो आपली माणसं आधी कामाला लावेल, त्याला पुढचा डाव मनासारखा खेळता येईल.

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. रविवारी सकाळी तिथल्या ओसरीवर सतरंजी टाकून मी मुलांना बुद्धिबळ शिकवते. काही मुलं मराठी घरांतली, काही गुजराती. आपापसात सगळी गुजरातीतच भांडतात आणि 'काकू' म्हणून माझ्याकडे वळली की मराठीवर येतात. हल्ली येणारं मूल पहिल्याच दिवशी ओपनिंगचं, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चालींच्या मांडणीचं, नाव सांगतं. "मला लंडन येतं." "मला सिसिलियन येतं, नायडॉर्फ." मोबाइलवर व्हिडिओ बघून आठ-दहा चाली पाठ झालेल्या असतात आणि त्या खटाखट पटावर उतरतात. मग समोरचा व्हिडिओत नसलेली एखादी चाल करतो. हात थांबतो, आणि नजर पटावरून उठून छताकडे जाते, आठवायला. मला त्या क्षणाची फार काळजी वाटते. खरा खेळ तिथून सुरू होणार असतो आणि नेमकं तेव्हाच मूल पटाकडे बघायचं सोडतं.

लंडन पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. २०२३ साली अस्तानाला झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने सहावा डाव याच मांडणीने जिंकला. पण डिंगला प्रत्येक मोहरा त्या घरात का उभा आहे हे ठाऊक असतं. दहा वर्षांच्या मुलाला एवढंच ठाऊक असतं की डी४, मग उंट एफ४, मग ई३, मग सी३, काळ्याने काहीही केलं तरी. (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून एक ते आठ; नुसतं घर सांगितलं की ती प्याद्याची चाल.) उंट एफ४ वर गेला की बी२ च्या प्याद्याचा जोर, म्हणजे त्याची राखण, गेली, हे व्हिडिओत कुणी सांगितलेलं असलं तरी त्याच्या मनात उतरलेलं नसतं. काळा सी५ खेळतो, वजीर बी६ वर आणतो, आणि आमचा लंडनवाला गडबडतो.

म्हणून मी ओपनिंगची नावं बाजूला ठेवते आणि रिकाम्या पटावर एकच घोडा ठेवते. डी४ वर ठेवला की तो किती घरांवर उडी मारू शकतो? मुलं मोजतात: आठ. कोपऱ्यात ए१ वर? दोन. तोच घोडा, तीच ताकद, पण कोपऱ्यात बसवला की पाऊण घोडा वाया. मग उंट. रिकाम्या पटावर मध्यातून १३ घरं, कोपऱ्यातून सात. इथपर्यंत मुलांना अंदाज आलेला असतो. मग मी हत्ती ठेवते, आणि तो कुठेही ठेवला तरी १४ घरं. मध्यात १४, कोपऱ्यात १४. दरवेळी एखादं तरी मूल पुन्हा मोजतं, कारण विश्वास बसत नाही.

मला हे हत्तीचं गणित फार आवडतं. मधली चार घरं, ई४, डी४, ई५, डी५, महत्त्वाची का आणि घोडे-उंट आधी बाहेर का काढायचे, याचं उत्तर त्या आठ-दोन आणि तेरा-सातमध्ये आहे. हत्ती शेवटी का, याचं उत्तर १४ आणि १४ मध्ये आहे. हत्तीला मध्यात जाऊन काही जास्तीचं मिळत नाही. त्याला प्याद्यांनी न अडवलेली उभी पट्टी हवी असते, आणि पट्ट्या मोकळ्या व्हायला वेळ लागतो. तोवर त्याने घरीच थांबायचं. सुरुवात संपली हे ओळखायची खूणही हत्तीच देतात: घोडे, उंट, वजीर बाजूला झाले, राजा कॅसलिंग करून (हत्तीबरोबरच्या एका जोडचालीने) कडेला बसला आणि दोन्ही हत्ती एकमेकांना बघू लागले की सुरुवातीचं काम झालं.

घोडा उंटाच्या आधी काढायचा, हा नियम लोक उगाचच फार ताणतात. त्याचं कारण साधं आहे. घोड्याचं चांगलं घर बहुतेक वेळा आधीच माहीत असतं, पांढऱ्याचं एफ३ आणि सी३, काळ्याचं एफ६ आणि सी६. उंटाने कुठे बसायचं ते समोरच्याची प्यादी कशी उभी राहतात त्यावर ठरतं, म्हणून जे पक्कं आहे ते आधी करायचं. कुठे उंटाचंच घर आधी पक्कं असेल तर त्याला खुशाल आधी काढावं.

वजिराचं मात्र मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते, आणि सांगून त्यांना पटत नाही. पटावरच पटावं लागतं. सहावीतल्या एका मुलीचा डाव मला चालीनिशी आठवतो. ती काळ्याकडून खेळत होती. समोरच्या मुलाने ई४-ई५ झाल्यावर लगेच वजीर एच५ वर आणला. ई५ च्या प्याद्याला जोर द्यायला हिने घोडा सी६ वर आणला. त्याने उंट सी४ वर आणला. आता एफ७ वर वजीर आणि उंट दोघांचा रोख, पुढच्या चालीला मात. एफ७ ही सुरुवातीला काळ्याची सगळ्यात नाजूक जागा, कारण तिथल्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचाच जोर नसतो. तिने जी६ खेळून वजिराची वाट अडवली. वजीर एफ३ वर गेला, धमकी तीच. घोडा एफ६ वर आला आणि ती वाटही बंद झाली. वजीर बी३ वर गेला आणि उंटाच्या मागे उभा राहून पुन्हा एफ७ कडेच बघू लागला.

तिने बराच वेळ पट पाहिला आणि सी६ चा घोडा उचलून डी४ वर ठेवला, थेट वजिराच्या अंगावर. पांढऱ्याने उंटाने एफ७ मारून शह दिला तर राजा ई७ वर सरकतो, आणि मग वजिराला स्वतःही वाचायचंय आणि उंटालाही जोर द्यायचाय. तो सी४ वर गेला की बी५ चं प्यादं त्याला हुसकतं आणि उंट पडतो. हे सगळं तिने पाहिलं होतं. मुलाने वजीर चौथ्यांदा हलवला. तोवर त्याचा एकही घोडा जागचा हलला नव्हता. हिचे दोन्ही घोडे बाहेर होते, आणि एफ८ च्या उंटासाठी जी७ चं घर तयार होतं, वजिराला अडवताना केलेल्या जी६ ने आपोआप. वजीर लवकर काढण्याची हीच गोम आहे. तो सगळ्यात मोलाचा, म्हणून कुणीही लहान मोहरा त्याला पळवू शकतो, आणि पळवता पळवता स्वतः चांगल्या घरावर येऊन बसतो.

डाव संपल्यावर ती माझ्याकडे आली. जिंकली होती, पण चेहरा साशंक. "काकू, मी घोडा दोनदा हलवला ना. तुम्ही सांगता एकच मोहरा पुन्हा हलवायचा नाही म्हणून."

इतका चांगला प्रश्न मला कुणी मोठ्या माणसानेही विचारलेला नाही. आम्ही दोघी पटावर परत त्या जागेला गेलो. घोडा दुसऱ्यांदा हलवून तिने एक चाल खर्च केली हे खरं. पण वजिराला पळावं लागलं म्हणजे त्यानेही एक खर्च केली. हिशेब बरोबरीत. वर तिचा घोडा पटाच्या मध्यात, ई५ च्या प्याद्याच्या जोरावर बसला. नियम मोडला, पण तो नियम ज्यासाठी होता ते काम झालं. एकच मोहरा दोनदा हलवू नका, याच्या पोटात सांगायचं एवढंच असतं की दुसरा कुणीतरी अजून बसलाय. त्या बसलेल्याला उठवण्यापेक्षा मोठं काही मिळत असेल तर खुशाल हलवा. मात्र काय मिळालं ते सांगता आलं पाहिजे.

'कोण अजून बसलंय?' हा प्रश्न माझ्या आजोबांचा. याच ओसरीवर ते देशी पद्धतीने खेळत. आमच्या घरातले नियम असे: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार. कॅसलिंग नाही, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. सुरुवातीला ठरवून दोघांनीही काही चाली एकदम करायच्या, आपापल्या अर्ध्या पटात राहून. आणि प्याद्याने मात दिली तर तिचा मान सगळ्यात मोठा. वजिराने दिलेली मात आजोबा दुसऱ्या दिवशी विसरत, प्यादेमात आठवडाभर सांगत. त्या खेळात घाई नव्हती. प्यादी एक-एक घर सरकत, मध्यात गाठ पडायला वेळ लागे. तरीही आजोबा समोरच्याच्या चालीनंतर क्षणभर स्वतःच्या मागच्या रांगेकडे बघून पुटपुटत, "कोण बसलंय अजून?" पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादी धावू लागली, कॅसलिंग आलं, सुरुवातीच्या खेळाची सगळी लय बदलली. तो प्रश्न मात्र जसाच्या तसा लागू पडतो. घोड्याची आठ आणि दोन घरं दोन्ही पद्धतींत तीच आहेत ना.

आजोबांच्या त्या सावकाश मांडणीला जगात मान मिळायला बराच काळ जावा लागला. १८५० च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक खेळाडू जॉन कॉक्रन या बॅरिस्टरशी नेमाने खेळत. १८५५ सालच्या एका डावात पांढऱ्याच्या डी४ ला त्यांनी घोडा एफ६, मग जी६, मग डी५ असं उत्तर दिलं, आणि उंट जी७ वर नेऊन बसवला. लांबून, तिरक्या रेघेवरून मध्यावर नजर. आज ही मांडणी ग्रुनफेल्ड बचाव म्हणून ओळखली जाते. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती १९२२ मध्ये खेळायला सुरुवात केली. मध्य प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे असं नाही, मोहऱ्यांनी दुरून धरला तरी चालतो, हे रेटी आणि निमझोविच या खेळाडूंनी विसाच्या दशकात युरोपला पटवलं. देशी नियमांत वाढलेल्या माणसाला जी६ आणि उंट जी७ यात बंडखोरी वाटली नसणार. प्यादं एकच घर जाणार असेल तर उंटाला वाट करून द्यायची ती एक सरळ रीत आहे.

सुलतान खानचंही तसंच. पंजाबात देशी पद्धतीने खेळून तयार झालेला हा माणूस सर उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. ओपनिंगचं पाठांतर त्याच्याकडे नव्हतं, ती त्याची उणी बाजू म्हणून ओळखली जायची. तरी १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं, जो सहा वर्षं जगज्जेता होता. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. मला त्या उशिराचं वाईट वाटतं. मुलांना मी त्याचं नाव मुद्दाम सांगते, कारण पाठांतराशिवाय मोहरे कुठे शोभतात हे कळणारा माणूस किती लांब जाऊ शकतो, ते तिथे दिसतं.

सगळी मंडळी कामाला लागणं म्हणजे काय, हे दाखवायला मॉर्फीच्या डावासारखा दुसरा डाव नाही. १८५८, पॅरिस, ऑपेरा चालू असताना नाट्यगृहाच्या एका खाजगी कक्षात खेळलेला. २१ वर्षांचा पॉल मॉर्फी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ब्रुन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, एकमेकांशी सल्लामसलत करत. सातव्या चालीला मॉर्फीचा वजीर बी३ वर आला आणि एफ७ व बी७ दोन्हींवर रोख धरला. काळ्याने वजीर ई७ वर आणून एफ७ वाचवलं. आता बी७ चं प्यादं मोकळं होतं. मॉर्फीने ते मारलं असतं तर काळा वजीर बी४ वर येऊन शह देणार, वजिरांची मारामारी होणार आणि पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त राहणार. वाईट सौदा नव्हे. मॉर्फीने ते प्यादं सोडलं आणि दुसरा घोडा सी३ वर काढला.

इथे मी पट थांबवते. मुलं बोंब मारतात, "मारायचं होतं ना काकू!" मग मी त्यांना काळ्याची मागची रांग दाखवते. ई७ वरच्या वजिरामुळे त्याचा स्वतःचाच उंट एफ८ वर कोंडला गेलाय. उंट निघत नाही म्हणून कॅसलिंग नाही, कॅसलिंग नाही म्हणून राजा मध्यात, आणि एच८ चा हत्ती कोपऱ्यात. पुढे मॉर्फीने एक घोडा दिला, एक हत्ती दिला, उंट दिला, शेवटी वजीरही दिला, आणि १७ व्या चालीला उरलेल्या हत्तीने डी८ वर मात केली, जी५ वरच्या उंटाच्या जोरावर. त्या वेळी पांढऱ्याकडे राजा आणि प्याद्यांखेरीज तेवढे दोनच मोहरे होते. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा असे चार. त्यातला एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती डावभर जागचे हलले नव्हते. मॉर्फीचा मात्र एकही मोहरा असा नव्हता ज्याने काही केलं नाही.

फुकटचं प्यादं दिसलं की हात शिवशिवतो, तो मोठमोठ्यांचाही. १९७२ च्या रेक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत अकराव्या डावात फिशरचा वजीर स्पास्कीचं बी२ चं प्यादं मारायला गेला, तिथे अडकला, आणि फिशर तो डाव हरला. ती ओपनिंग अभ्यासलेली होती, विचारपूर्वक निवडलेली होती, तरीसुद्धा. पाच-सहा चालीत मुलांचे वजीर बी२ खायला निघाले की मी हा डाव काढते.

कॅसलिंगबद्दल थोडंच. ही एकच चाल अशी आहे की तिच्यात दोन मोहरे एकदम हलतात: राजा मध्यातून बाजूला जातो आणि हत्ती मध्याकडे येतो. एवढं स्वस्तात दुसरं काही मिळत नाही, म्हणून ते लवकर उरकावं. पण कॅसलिंग करून राजासमोरची प्यादी उगाच पुढे ढकलायची, किंवा उंट अंगावर येईल या भीतीने पाचव्या चालीलाच एच३ करून ठेवायचं, ही सवय मला मुळीच आवडत नाही. येऊ दे की उंट. आला तर बघू. त्या एका चालीत तुमचा एक मोहरा बाहेर आला असता.

गुजरातेत बुद्धिबळ वाढलंय याचा मला मनापासून आनंद आहे. अहमदाबादचा तेजस बाकरे २००४ मध्ये ग्रँडमास्टर झाला, राज्यातला पहिला. २०१० च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादेत एकाच वेळी २०,४८० माणसं पटावर बसली. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या ओसरीवरच्या मुली आठवडाभर दुसरं बोलत नव्हत्या. पालक विचारतात, "आता हिला कोणतं ओपनिंग शिकवायचं?" खूप पुढे गेलेल्या मुलीला ओपनिंगचा कसून अभ्यास लागतोच, आणि तिथे माझ्यासारखीचं काम संपतं. पण तो अभ्यास सातवी-आठवीत सुरू झाला तरी उशीर होत नाही. त्याआधी पाठांतर चढवलं की पटाकडे बघायची सवय मागे राहते, ती नंतर लागायला फार कष्ट पडतात.

म्हणून अधूनमधून मी मागच्या रांगेतले मोहरे उलटसुलट मांडायला लावते. फिशरने १९९६ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये ही रीत जाहीर केली. तिच्यात सुरुवातीच्या ९६० मांडण्या निघतात. राजा दोन हत्तींच्या मधे असला पाहिजे आणि दोन उंट वेगळ्या रंगाच्या घरात, एवढं पाळायचं. त्या दिवशी लंडन नाही, सिसिलियन नाही. पहिल्या चालीपासून मुलं पटावर ओणवी होतात. कुठल्या प्याद्याला कुणाचाच जोर नाही? कोपऱ्यातला वजीर कुठून निघेल? कुठलं प्यादं हलवलं तर एकदम दोघांची वाट मोकळी होते? लंडनवाला मुलगा त्या दिवशी त्याच्या नेहमीच्या खेळापेक्षा चांगला खेळतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

सहावीतल्या त्या मुलीला शाळेच्या स्पर्धेसाठी एक नावाचं ओपनिंग हवंच होतं, मैत्रिणींना सांगायला. तिला मी इटालियन दिलं. ई४, घोडा एफ३, उंट सी४, कॅसलिंग. यातल्या प्रत्येक चालीचं कारण तिला आधीच येत होतं: ई४ ने मध्य घेतला आणि उंट-वजिराची वाट उघडली, घोड्याने ई५ वर हल्ला केला, उंटाने एफ७ वर नजर लावली. ती सगळं म्हणून दाखवत गेली आणि मधेच थांबली. उंट सी४ वरच का, एक घर पुढे बी५ वर नेऊन सी६ च्या घोड्यालाच का नाही धरायचं, असं तिने विचारलं. तो पूर्ण रविवार आम्ही दोघींनी उंट बी५ वर ठेवून काय काय होतं ते पाहण्यात घालवला.